देवमाशाचे गुडघे

मर्लचा सत्तरावा वाढदिवस चांगला चालला होता, तेवढ्यात कुणीतरी बेडूक काढला.

अंगणात टेबलं मांडली होती. मक्याची कणसं उकडून लोण्यात बुडवून खाऊन झाली होती, आणि मर्लचा मोठा जावई तळ्यात आपण केवढा मासा धरला ते हात फाकवून दाखवत होता. हात जरा जास्तच फाकले, तशी टेबलाभोवतीची सगळी मंडळी एका सुरात ओरडली, "बेडूक! बेडूक!"

जावयाने हसत हसत हात जवळ घेतले. पण धाकट्या मुलाची बायको घरात नवीनच आलेली. तिने विचारलं, "मासा होता ना? मग बेडूक कसला?"

मर्लला तेवढंच हवं होतं. त्याने तोंड पुसलं, खुर्ची मागे सरकवली आणि आपल्या बहिणीकडे बोट दाखवलं. "ही आमची आर्लिस. सहा वर्षांची असताना बाबा हिला आत्याकडे पोचवायला घेऊन गेले, नेब्रास्काला. दोन दिवसांचा रस्ता. आता आमचे बाबा कसे? प्रवासात लघवीला थांबायचं तरी आधी अर्ज करावा लागायचा. तर हिचं म्हणणं असं, की त्या बाबांनी मध्येच गाडी थांबवली. कशासाठी? तर रस्त्याच्या कडेला घराएवढा बेडूक होता. सिमेंटचा, हिरवागार. आणि बाबा हिला घेऊन त्याच्या तोंडात जाऊन बसले. बरं, बसून काय केलं? सांग, आर्लिस."

दर वेळी आर्लिस या ठिकाणी "डराव केलं" म्हणायची, आणि सगळे टेबल बडवून हसायचे. तीही हसायची. साठ वर्षं हा खेळ चालला होता. त्या घरात थाप मारली असं कुणी म्हणतच नसे, बेडूक सोडला म्हणत. पोरं शाळेतून आली आणि गुण वाढवून सांगायला लागली की बेडूक. पावसाचा अंदाज चुकला की रेडिओवाल्याचा बेडूक. आर्लिसचा नवरा क्लेटन, जो तिच्यावर एरवी कधी हसला नाही, तोसुद्धा हा शब्द अगदी सहज वापरायचा.

त्या दिवशी मात्र तिला ते म्हणवेना. "काकडीची कोशिंबीर संपली वाटतं," असं काहीतरी पुटपुटत ती वाडगं उचलून आत गेली. बाहेर मर्लनेच डराव करून दाखवलं, आणि हशा उठला तो स्वयंपाकघरापर्यंत आला.

तिला राग आला नव्हता, भीती वाटली होती. अलीकडे चष्मा कुठे ठेवला ते तिला आठवायचं नाही. गाडीची किल्ली दोनदा गाडीतच राहिली होती. शेजारणीचं नाव एकदा अगदी ओठावर येऊन परत गेलं होतं. वाडगं विसळता विसळता तिच्या मनात आलं, जे डोकं चष्मा सांभाळत नाही, त्याने बेडूक तेवढा बरा सांभाळला? आणि बेडूक खोटा असेल तर बाबांचं आपल्याजवळ राहिलं काय?

कारण बाबांचं तिच्याजवळ तेवढंच होतं. त्या वर्षी आई दवाखान्यात होती. तिसरं मूल व्हायचं होतं, ते झालं आणि राहिलं नाही. दहा वर्षांच्या मर्लला शेजारच्या गोठ्यावर ठेवून बाबा आर्लिसला पिकअपमध्ये घालून आपल्या बहिणीकडे निघाले. परत आल्यावर आर्लिसने आईला बेडकाची गोष्ट सांगितली, तर आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुझे बाबा? ते आगगाडीसाठीसुद्धा थांबायचे नाहीत." बाबांना विचारायला हवं होतं. पण बाबांना कुणी काही विचारत नसे. ती अकरा वर्षांची असताना छातीत कळ येऊन ते गेले, आणि मग विचारायचं राहिलंच.

सोमवारी सकाळी तिने मांजर शेजारणीकडे दिलं, थर्मासमध्ये कॉफी भरली आणि निघाली. मर्लला सांगितलं नाही. जन्मभर क्लेटन गाडी हाकायचा आणि ती शेजारी बसून नकाशा वाचायची. आता तो राहिला नव्हता, दोन्ही तिलाच करायचं होतं. पहिल्या तासात तिने दोनदा रिकाम्या सीटकडे बघून "पुढे डावीकडे" असं मोठ्याने सांगितलं, आणि मग स्वतःच डावीकडे वळली.

रस्त्याच्या कडेची ही असली चमत्कारिक ठिकाणं एकमेकांना ओळखून असतात, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. गाव जितकं लहान तितकी त्यांची हौस मोठी. कुठे चहाच्या किटलीसारखी रंगवलेली पाण्याची टाकी. कुठे दोन डोक्यांचं वासरू, पेंढा भरून काचेत ठेवलेलं, आणि काचेवर 'कृपया दोघांनाही टकटक करू नये' अशी चिठ्ठी. डाकोटात शिरल्यावर एका शेतकऱ्याने कुंपणाच्या जुन्या तारेचा गोळा करून ठेवला होता, गोठ्याएवढा. त्याचं गुंडाळणं अजून चालूच होतं.

"याला कधी पुरे म्हणणार?" आर्लिसने विचारलं.

"बायको म्हणते केव्हाच पुरे झालं," तो म्हणाला. "पण तार मिळत राहते, काय करता."

तिला सगळ्यांनाच विचारायचं होतं, पण विचारताना लाज वाटायची. म्हणून ती म्हणायची, "माझ्या एका मैत्रिणीने लहानपणी या बाजूला मोठा बेडूक बघितला होता. सिमेंटचा. तुमच्या ऐकण्यात आहे का?" लोक मनापासून डोकं खाजवायचे. तारवाल्याने आपल्या भावाला फोन लावला. वासरूवाली बाई म्हणाली, एका होड्या विकणाऱ्याच्या दुकानावर बेडूक आहे, पण तो पत्र्याचा आणि गुडघ्याएवढा. एका कॉफीच्या दुकानात बसलेल्या तीन म्हाताऱ्यांनी आपसांत पैज लावली आणि तिघंही हरले. एकाला आठवला तो कासव निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या भागात पोचली जिथे तो असायला हवा होता. आत्याच्या गावाच्या अलीकडे, गवताळ टेकड्या सुरू व्हायच्या आत. तिला आठवत होतं की बेडकाच्या मागे सपाट शेत होतं आणि त्यापलीकडे पहिली टेकडी. पण मोठा रस्ता आता तिथून जातच नव्हता. तो केव्हाच दक्षिणेला सरकला होता. जुना रस्ता होता, पण त्याला कडा अशा राहिल्याच नव्हत्या, दोन्हीकडून गवत चढलं होतं. ती हळूहळू गाडी चालवत सगळं बघत गेली. पडका पंप, बंद शाळा, एक नांगर. शेवटी जिथे रस्ता मोठ्या रस्त्याला मिळाला तिथल्या पेट्रोल पंपावर तिने विचारलं.

पंपावरचा माणूस म्हणाला, "माझा जन्म इथला. माझ्या बापाचा जन्म इथला. बेडूक असता तर आम्हाला दिसला असता, बाई."

तो वाईट बोलला नव्हता. पण गाडीत येऊन बसल्यावर तिला किल्ली फिरवायचं सुचेना. हात स्टीअरिंगवर ठेवून ती समोरच्या हवा भरायच्या नळीकडे बघत राहिली. झालं तर मग. नव्हता. सहा वर्षांची पोर, आई दवाखान्यात, बाप एक शब्द बोलत नाही. रचला असेल बेडूक. कोण रचणार नाही? तिला स्वतःची दया आली, आणि त्याहून जास्त लाज वाटली, की इतकी वर्षं आपण एका मेलेल्या गंभीर माणसाच्या तोंडी डराव घातलं.

रात्र तिने रस्त्यावरच्या मोटेलात काढली आणि सकाळी परतीला लागली. परतताना ती काहीच बघणार नव्हती. पण सकाळच्या कॉफीने आपलं काम केलं, आणि तेवढ्यात रस्त्यावर पाटी आली: 'दारांच्या मुठींचं संग्रहालय. चार हजार मुठी. स्वच्छतागृह आहे.'

दार उघडलं ते ऐंशीच्या पुढच्या एका काटकुळ्या बाईने. पुरुषी पँट, तिला खांद्यावरून पट्टे. "आधी ते उरकून या," आर्लिसचा चेहरा बघून ती म्हणाली. "पण मग मुठी बघायच्या हं. नुसतं मोकळं होऊन पळणारे फार झालेत."

तिचं नाव इर्मा क्लॉस. पाडलेल्या शाळा, हॉटेलं, बँका, एक तुरुंग, सगळ्यांच्या दारांच्या मुठी तिने भिंतींवर ठोकल्या होत्या. पितळी, काचेच्या, चिनी मातीच्या. आणि नुसत्या बघू देत नव्हती. "फिरवा," ती म्हणायची. "मूठ बघायची नसते, फिरवायची असते. ही हॉटेलची. बघा कशी घरंगळते. ही मुख्याध्यापकांच्या खोलीची. हिला हात लावताना अजून लोकांचे तळवे ओले होतात."

आर्लिसने मुकाट्याने दहाबारा मुठी फिरवल्या. मग सवयीने, खरं म्हणजे आता काही आशा नसताना, तिने विचारलं, "माझ्या एका मैत्रिणीने लहानपणी इकडे सिमेंटचा मोठा बेडूक बघितला होता."

"मैत्रिणीचं नाव काय?"

"आर्लिस," ती म्हणून गेली.

"आणि तुमचं?"

आर्लिसने हातातली मूठ सोडली. "आर्लिस."

"बरंय," इर्मा म्हणाली. "एकाच नावाच्या दोन मैत्रिणी. लक्षात ठेवायला सोपं." आणि ती अशी काही मोठ्याने हसली, की आर्लिसलाही हसू फुटलं. हसता हसता तिचे डोळे भरून आले. ते बघून इर्माने तिला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि समोर स्टूल ओढून बसली. "आता पहिल्यापासून सांगा. तोंड कसं होतं त्याचं?"

तोंड कसं होतं हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आर्लिसने सांगितलं. तोंड उघडं होतं, आत जायला मागून पायऱ्या होत्या. आत लाल जीभ होती, बाकासारखी, आणि तिच्यावर बसलं की मांड्यांना गार लागायचं. डोळे वर होते, डोक्यावर, आणि पोकळ होते. त्यांतून उन्हाचे दोन गोल जिभेवर पडायचे. एका गोलात ती बसली होती आणि दुसऱ्या गोलात बाबांची टोपी होती.

इर्मा ऐकत होती. मग तिने कप खाली ठेवला. "बेडूक मी ऐकला नाही. पण मी इथली नव्हे, लग्नानंतरची. इथे एक देवमासा आहे मात्र."

"देवमासा नाही, बेडूक."

"ऐका तर. चर्चवाल्यांच्या उन्हाळी शिबिराचा आहे. तो बायबलातला, योनाला गिळणारा. मुलांना त्याच्या पोटात बसवून गोष्ट सांगतात. निळा आहे, दात आहेत, सगळं आहे. पण त्याच्यावरून गेले की दर वेळी मला वाटतं, हा असा बसलाय का? मासा कसा आडवा पडलेला असतो. हा बसलाय. गुडघे वर करून! मी एकदा तिथल्या बाईंना विचारलंसुद्धा, बाई, देवमाशाला गुडघे कशाला? तर म्हणाल्या, देवाला अशक्य काही नाही."

आर्लिस उठून उभी राहिली.

"बसा, बसा. कॉफी संपवा. गुडघे कुठे पळून जात नाहीत," इर्मा म्हणाली. पण तोवर तिनेही उठून बाहेर जायची वाट धरली होती, आणि अंगणात उभी राहून हाताने दाखवत होती. जुन्या शाळेपाशी उत्तरेला वळायचं. पाटी नाही. धान्याची उंच पत्र्याची कणगी दिसली की उजवीकडे.

काल आर्लिस त्या शाळेवरून गेली होती. वळली नव्हती, कारण तो रस्ता रस्ता वाटत नव्हता. आता वळली, आणि वळल्यावर लक्षात आलं की हाच मूळचा रस्ता. काल ती ज्याच्यावरून शोधत गेली, तो नंतरचा होता. तिने गाडी अगदी हळू केली. मागून कुणी येत नव्हतं, पुढून कुणी येत नव्हतं. लवकर पोचायची तिला घाई नव्हती, उलट जरा भीतीच वाटत होती. दोनदा हरायचं वय नव्हतं तिचं.

कणगी आली. उजवीकडे सुकलेल्या सूर्यफुलांचं शेत, त्यापलीकडे पहिली टेकडी. आणि शेताच्या टोकाला, बंद लाकडी खोल्यांच्या रांगेपुढे, एक निळा उंचवटा.

जवळ गेल्यावर तो देवमासाच होता. पांढरे दात होते, रंगवलेलं हसू होतं, मागे सिमेंटचं शेपूट होतं, ते अंगाला जरा लहानच पडलं होतं. पण दोन्ही बाजूंना, निळ्या अंगातून वर आलेले, ढोपरांत मुडपलेले दोन भलेमोठे पाय होते. त्यांच्यावर लाटा रंगवल्या होत्या. लाटा रंगवल्या म्हणून पाय काही लपले नव्हते.

आर्लिस गाडीतून उतरली आणि गाडीचं दार उघडंच राहिलं.

साठीचा एक जाडजूड माणूस नळाची रबरी नळी गुंडाळत होता. वेंडेल शाड, तिथला राखणदार. शिबिर संपलं होतं, थंडी पडायच्या आत नळांतलं पाणी काढून टाकायचं काम चाललं होतं. "बंद आहे हो आता," तो म्हणाला. "जूनमध्ये या."

"मला एकच विचारायचंय," आर्लिस म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. "हा पूर्वी दुसरं काही होता का?"

वेंडेलने आजूबाजूला बघितलं. मैलभरात माणूस नव्हता, तरी बघितलं. "कुणी पाठवलं तुम्हाला?"

"मुठीवाल्या इर्माबाईंनी."

"तरीच. ती म्हातारी गुडघ्यांवरून माझ्या मागे लागलीये." त्याने नळी खाली टाकली आणि हात पँटला पुसले. "बेडूक होता."

शेजारी सिमेंटचा दात होता, त्याच्यावर आर्लिस मटकन बसली.

"अहो! बरं वाटत नाही का? पाणी आणू?"

"नको. पुन्हा सांगा."

"काय?"

"काय होता ते."

"बेडूक होता, बाई. हिरवा बेडूक. ह्रुश्का म्हणून एकाचा इथे पेट्रोल पंप होता, गिऱ्हाईक थांबावं म्हणून त्याने केला. मोठा रस्ता तिकडे गेला, तसा पंप बसला. जागा चर्चने घेतली, बेडकासकट. पास्टर म्हणाले, बेडूक फोडा. आमच्या बापाने आणि आणखी चौघांनी दिवसभर घण घातले, एक बोट निघालं. मग पास्टर म्हणाले, देवाची इच्छा दिसते, याचा देवमासा करा." वेंडेल आता रंगात आला होता. "दात आमच्या बापाने ओतले. शेपटापर्यंत येता येता सिमेंट संपलं, म्हणून ते तसं. आणि गुडघे झाकायला काही उरलंच नाही. मी पाचसहा वर्षांचा असेन. आम्हा मुलांना सक्त ताकीद होती, बेडूक म्हणायचं नाही. म्हणून तर एवढं लक्षात राहिलं. नंतरच्या पोरांना माहीत नाही. ज्यांना माहीत होतं ते बहुतेक गेले."

त्याने खिशातून किल्ली काढली, गुडघ्यामागे जिथे पाऊस लागत नाही तिथे जरासं खरवडलं. निळ्याच्या खाली पांढरा, पांढऱ्याच्या खाली हिरवा. हिरव्या रंगाचा एक पोपडा किल्लीवर आला. आर्लिसने तो तळहातावर घेतला. तिचा जीव असा भांड्यात पडला, की तिला एकाएकी भूक लागली. खरंच लागली. कालपासून आपण काही खाल्लेलं नाही, हे तिला तिथे, त्या दातावर बसून, आठवलं.

"आत जाता येतं?" तिने विचारलं.

"या की. पायऱ्या मागून आहेत."

ते तिला माहीत होतं.

आत अंधार असेल असं तिला वाटलं होतं, पण वर दोन भोकं होती. एकातून पाण्याचा पाईप घातला होता, देवमाशाचा फवारा उडवायला. पण दोन्हींतून ऊन येत होतं. जीभ लालची गुलाबी केली होती आणि तिच्यावर योनाची चित्रं काढली होती. ती तिच्या आठवणीपेक्षा पुष्कळ बुटकी होती. आर्लिस बसली. मांड्यांना गार लागलं.

"मी बाहेर थांबतो," दातांच्या फटीतून वेंडेलचा आवाज आला. "लोकांना लाज वाटते."

"कसली?"

"आवाज करायची. तिथे बसलं की प्रत्येक जण काहीतरी आवाज करतोच. आमचे पास्टरसुद्धा करायचे. घुमतो ना फार, राहवत नाही माणसाला."

आर्लिसने अगदी हळू "ओ" केलं. तो "ओ" बेडकाच्या पोटात फिरून मोठा होऊन तिच्या कानात परत आला. त्या गप्प माणसाला, ज्याची बायको दवाखान्यात होती आणि ज्याला शेजारी बसलेल्या पोरीशी काय बोलावं ते सुचत नव्हतं, त्याला या बाकावर बसल्यावर काय झालं असेल, ते तिला कळलं. मग तिने छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "डराव!"

अख्खा बेडूक ओरडला. आवाज टेकडीपर्यंत गेला असेल.

बाहेरून, नळी गुंडाळता गुंडाळता, वेंडेल शाडने अगदी साध्या आवाजात उत्तर दिलं, "डराव."

त्या दुपारी तिने मर्लला फोन केला. वेंडेलच्या बायकोने तिला जेवायला बसवलं होतं. तिकडच्या पद्धतीचं, तिखट राजमा-खिम्याचं चिली आणि त्याच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल. आर्लिसने दोन वाट्या चिली आणि दोन रोल खाल्ले, तिसरा कागदात बांधून घेतला, आणि पायरीवर बसून फोन लावला.

"आहेस कुठे तू?" मर्ल ओरडला. "शेजारीण सांगते मांजर देऊन गेली. आम्ही इथे दवाखाने पालथे घालायला निघालो होतो! फोन करायला काय झालं होतं?"

"बेडूक सापडला."

"काय सापडला?"

"बेडूक. आता देवमासा झालाय."

तिकडे मर्लला हसण्याची उबळ आली. "बेडूक शोधायला गेलीस आणि देवमासा सापडला! थांब, थांब, मला हे लिहून—"

"गुडघे आहेत त्याला, मर्ल. फोटो पाठवलेत. बघ."

फोन तसाच राहिला. मागे मर्लच्या बायकोचा आवाज येत होता, चष्मा कुठाय, हा काय चष्मा, मोठा कर की जरा.

"आतून हिरवा आहे?" मर्लने विचारलं. आवाजातलं हसू गेलं होतं.

"रंगाखाली. हातात आहे माझ्या."

"आणि जीभ?"

"आहे. मी बसले तिच्यावर."

मग मर्ल म्हणाला, "मला शेजारच्या लिंडक्विस्टांच्या गोठ्यावर टाकून गेले होते. रोज पहाटे दूध काढायचं. त्यांचा थोरला मला शेणात ढकलायचा. आणि तू परत आलीस ती उड्या मारत, बाबांनी असं केलं, बाबांनी तसं केलं. माझ्याशी तो माणूस जेवताना मीठ मागण्यापलीकडे बोलला नाही कधी." तो थांबला. "मी ठरवलं, हे खरं नाही. खरं असून चालणारच नव्हतं मला."

साठ वर्षं आर्लिसला वाटत होतं की मर्ल हसतो तो तिच्या बेडकाला.

"अरे, मला तर लहान म्हणून नेलं," ती म्हणाली. "तू काम करू शकायचास, म्हणून तुला ठेवलं. तेवढंच असेल."

"तेवढंच असेल," मर्ल म्हणाला. मग खाकरला. "खरंच केलं का गं त्यांनी? डराव?"

"खरंच. आणि इथे बसलास तर तूही करशील. सगळे करतात. पास्टरसुद्धा."

"माझा गुडघा धड नाही, एवढ्या लांब कोण येतंय."

"त्याचेही नाहीत. ये तू."

मर्ल हसला. हे हसणं वेगळं होतं, जरा नाक ओढत होता मध्ये. "पुढच्या वर्षी बघू. आणि ऐक, घरी सगळ्यांना मी सांगतो. मीच सांगतो. आता या शब्दाचं काय करायचं पण? पोरं तर बेडूक बेडूक करणारच."

"करू देत," आर्लिस म्हणाली. आणि तिला खरंच त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

त्या रात्री तिला अशी झोप लागली की मोटेलवालीने दार वाजवून उठवलं. चष्मा पुन्हा सापडत नव्हता, तो उशीखाली निघाला. असू दे, ती म्हणाली. चष्माच आहे.

परतीचा रस्ता सरळ होता, पण तिने तो घेतला नाही. नकाशा शेजारच्या सीटवर उलटा टाकला आणि जिकडे गाव दिसेल तिकडे वळत गेली. दुपारच्या सुमाराला एका माळावर तिला पत्र्याची पँट दिसली. दोन मजली उंच, जुन्या जाहिरातींच्या पत्र्यांची शिवल्यासारखी केलेली, नुसती पँट. वर माणूस नाही. वारा आला की पायांमध्ये घंटेसारखा आवाज व्हायचा. कशासाठी, कुणाची, काही पाटी नव्हती.

ती गाडीला टेकून उभ्याउभ्या बघत राहिली. थोड्या वेळाने शेतातून ट्रॅक्टरवर एक माणूस आला, इंजिन बंद केलं.

"काही हवंय का, बाई? वाट चुकलात?"

"नाही हो. काही नको. बघतेय फक्त."

त्याने मागे वळून आपल्या पँटीकडे बघितलं, जसं काही तोही ती आत्ताच बघत होता. "बघा की," तो म्हणाला. "बघायलाच केलीये." आणि ट्रॅक्टर सुरू करून निघून गेला.